नांदेड-लातूर, व्हाया बेस गिटार

वीकेंडला कुठे? या प्रश्नाची आपल्या ऑफिसातली उत्तरं ठरलेली असतात. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग आणि बोनस झाला असेल तर गोवा. त्यामुळे मागच्या महिन्यात मी ‘नांदेड’ म्हणाले तेव्हा कॉफी मशीनपाशी क्षणभर शांतता पसरली. ‘देवदर्शन?’ एकाने विचारलं. ‘लग्न?’ दुसरीने विचारलं. मी म्हटलं, ‘नाही. गिटार आणायला.’

खरं सांगायचं तर माझ्या मनात शुद्ध स्वार्थ होता. आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये मी बेस वाजवते. माझी बेस गिटार चकाचक आणि ऑनलाइन घेतलेली आहे, पण तिला काही कॅरॅक्टर नाही. आणि नांदेडला आमच्या काकांच्या माळ्यावर सत्तरच्या दशकातली एक जपानी बेस पडून आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. काका-काकू आता पुण्याला मुलाकडे राहायला येणार. फ्लॅट टू बीएचके. काकूंचा फोन आला, ‘सगळं आवरायलोत. भंगारवाला रविवारी येणार हाय. तुला काय पाहिजे असंल तर शनिवारच्या आत ये.’

व्हिंटेज बेस आणि भंगार! मी त्याच संध्याकाळी पनवेल-नांदेड एक्स्प्रेसमध्ये बसले.

कीर्तन, लंगर आणि माळा

ही गाडी लातूरवरून जाते, पण उजाडायच्या आत. त्यामुळे लातूर झोपेतच मागे गेलं आणि डोळे उघडले तेव्हा परभणीही गेलं होतं. नांदेड म्हणजे आधी सचखंड गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांचा शेवटचा काळ गोदावरीकाठच्या याच गावात गेला. १७०८ साल होतं ते. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या दरम्यान उभी राहिली. कोणत्याही वेळी जा, आत कीर्तन असतं आणि लंगरमध्ये गरम जेवण असतं. मी घरी जाण्याआधी तिथेच टेकले. हार्मोनियम, तबला आणि खालून एक भरीव आधार. बेस वाजवणाऱ्यांना ही सवयच असते बघा. गाण्यात बाकीचे चाल ऐकतात, आम्ही तळ शोधतो.

काका म्हणजे ऐंशीच्या दशकातले ऑर्केस्ट्रावाले. आज हसू येईल, पण तेव्हा मराठवाड्यात गणपती, भीमजयंती आणि लग्नाच्या वरातीआधीचा रिसेप्शन, तिन्हीकडे ऑर्केस्ट्राशिवाय पान हलत नसे. हिंदी सिनेमातल्या गाण्यांत बेस गिटारचा दणका बसायला लागला होता. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांची बोटं घराघरांतल्या रेडिओवर ऐकू येत होती, नाव मात्र कुणाला माहीत नव्हतं. काकांनी मुंबईत एका गोवेकर वादकाकडून ही बेस सेकंडहँड घेतली आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसून नांदेडला आणली. डोक्यावरचं कंपनीचं नाव तेव्हाच पुसलं गेलेलं. मागच्या प्लेटवर फक्त ‘मेड इन जपान’.

माळ्यावरून ती खाली आली तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. बॉडीवर जिथे अंगठा टेकतो तिथे पॉलिश जाऊन लाकूड उघडं पडलेलं. तारा गंजून तांबूस झालेल्या. मी आनंदाने किंचाळले. काका पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘मेलेली हाय ती. टाकून दे.’

घुंईऽऽऽ

शेजारच्या पोराचा छोटा ॲम्प्लिफायर मागून आणला, नव्या तारा चढवल्या, कॉर्ड लावली. आवाज आला तो असा: घुंईऽऽऽ. त्यात खरखर, मध्येच टप्प आणि मग शांतता.

आता इथे तुमच्यासाठी थोडा टेक्निकल फंडा, कारण जुनी गिटार अनेकांच्या घरी असते आणि ती ‘गेली’ असं समजून आपण टाकून देतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतंच मुळी. लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तार म्हणजे पिकअप. त्यातून येणारा आवाज कमी-जास्त करायला दोन-तीन पॉट, आणि शेवटी कॉर्ड खुपसायचा जॅक. बस. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हापासून मूळ रचना हीच आहे. म्हणून शोध बाहेरून आत घ्यायचा. आधी कॉर्ड बदला. मग जॅक. मग पॉट. पिकअपवर संशय सगळ्यात शेवटी.

कॉर्ड नवी होती. जॅक हलवला की टप्प व्हायचं, म्हणजे गुन्हेगार नंबर एक सापडला. जॅकचा नट सैल होऊन तो आतल्या आत फिरत होता आणि कॉर्डच्या टोकाला दाबून धरणारी पत्र्याची जीभ वाकली होती. जीभ आत वाकवली, नट आवळला. टप्प बंद.

खरखर पॉटची. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते. वजिराबादच्या बाजारातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला, पॉटच्या फटीत फुसकन मारला आणि तीनही नॉब तीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवले. खरखर ऐंशी टक्के गेली.

घुंई मात्र तशीच.

एव्हाना काकांचा पेपर खाली आला होता. ‘तारांना हात लाव,’ ते म्हणाले. मी लावला. ‘आवाज कमी झाला?’ नाही झाला. ‘मग ब्रिजखालची अर्थिंग तुटलेली हाय.’ आणि पुन्हा पेपर वर.

बरोबर होतं! तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटारचं अर्थिंग शाबूत असतं. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजपासून आत जाणारी वायर तपासायची. मी ब्रिजचे स्क्रू काढले. खाली वायरचं टोक घामाने आणि गंजाने खाऊन हिरवं झालं होतं. ते घासून, चपटं करून पुन्हा ब्रिजखाली दाबलं. एक स्क्रू लाकडात नुसताच फिरत होता, त्या भोकात काकूंच्या देवघरातली आगकाडी फेविकॉल लावून ठोकली. (डोकं काढून, अर्थात.) आवाज अर्धा कमी झाला.

पण अर्धाच.

मीटरवरचा एक

या बेसला दोन पिकअप आहेत. एक मानेकडे, एक ब्रिजकडे. दोघांना वेगवेगळा व्हॉल्यूम. स्क्रूड्रायव्हरने पुढच्यावर हलकेच टकटक केली, तर स्पीकरमधून ‘टक’ आलं. मागच्यावर केली. काहीच नाही.

काकांनी स्वतः उठून कपाटातून मल्टिमीटर आणला. पिकअपची एक वायर सोडवून त्यांनी टोकं लावली. पुढचा पिकअप साडेसात किलोओमच्या आसपास, ठणठणीत. मागच्याला लावलं आणि स्क्रीनवर नुसता एकच आकडा उभा राहिला, डाव्या कडेला, ‘१’. जुन्या मीटरच्या भाषेत याचा अर्थ तार कुठेतरी तुटली आहे, पलीकडे काही पोचत नाही.

‘म्हणून घुंई,’ काका म्हणाले. आता ते सांगण्याच्या मूडमध्ये होते. ‘हे दोघं उलटसुलट गुंडाळलेले असतात. चुंबकं बी उलटी. त्यामुळं तारांचा आवाज मिळून येतो आन् लाइटीची गुणगुण एकमेकाला कापते. दोघं पुरे उघडले की बेस गप्प. एक मेला की दुसऱ्याची गुणगुण ऐकावी लागते.’

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९. म्हणजे ही गुणगुण जवळजवळ जी सुरातच असते, किंचित चढी. ‘आम्ही ऑर्केस्ट्रात तिच्यावरच सूर लावायचो,’ काका म्हणाले आणि चक्क हसले.

‘मग नवा पिकअप मागवते ऑनलाइन,’ मी म्हटलं.

‘कामून? हे दुरुस्त होतंय. पण असलं बारीक काम करणारा एकच माणूस मला माहिताय.’ ते थांबले. ‘लातूरला.’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. मी विचारलं, ‘मग जाऊ या ना. नंबर आहे?’

‘तीस वर्षं झाली वर. काय बोललो नाय आम्ही.’

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. ‘नंबर हाय माझ्याकडं. दर दिवाळीला बोलतो आम्ही दोघी. तुम्हा दोघांचं तुम्ही बघा.’

लोहा, अहमदपूर, चाकूर

नांदेड ते लातूर साधारण १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी एसटी जाते. लोह्याजवळचं माळेगाव खंडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध. घोडे, गाढवं, तमाशाचे फड, सगळं तिथे. काका खिडकीशी, बेस दोघांच्या मध्ये उभी, एखाद्या तिसऱ्या पॅसेंजरसारखी. कंडक्टरने विचारलंच, ‘याचं तिकीट?’

अहमदपूर गेल्यावर काका आपणहून बोलले. लातूरचे ते मित्र त्यांच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचे. आणि तिसरा ड्रमवाला. तो औसा तालुक्यातला, किल्लारीजवळच्या खेड्यातला. बेस आणि ड्रम म्हणजे नवरा-बायको, हे आमच्या बँडमध्येही म्हणतात. एकाचा पाय पडला की दुसऱ्याचं बोट पडलं पाहिजे. दहा वर्षं या दोघांचं तसं चाललं.

१९९३ च्या गणपतीत त्यांचा लातूरला कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी. कॅसिओवाले म्हणाले, थांबा रे, लातूरची मिरवणूक बघून जा. ड्रमवाल्याचं मन दोन्हीकडे. काकांनी त्याला स्टँडवर नेलं, गावच्या एसटीत बसवलं. ‘आई वाट बघत असंल म्हटलं. तिकीट बी मीच काढलं.’

पुढचं मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. सुमारे १०,००० माणसं गेली.

काकांनी बेस चादरीत गुंडाळली ती तेव्हाची. मी बसच्या खिडकीबाहेर बघत राहिले. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं होती, आणि बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

गंजगोलाई आणि केसाएवढी तार

लातूर म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी ‘लातूर पॅटर्न’ आणि क्लासेसचे बोर्ड. पण शहराचं मन बघायचं तर गंजगोलाईत जायचं. १९१७ सालची गोलाकार दुमजली वास्तू, मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे १६ रस्ते. मिरचीपासून सोन्यापर्यंत सगळं इथे मिळतं. तुरीच्या डाळीच्या या गावाने २०१६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेने आलेलं पाणीही प्यायलं. ती गाडी आली मिरजेहून, म्हणजे सतार-तंबोऱ्यांच्या गावाहून. वाद्यं दुरुस्त करणारं गाव इथून जवळपास साडेतीनशे किलोमीटर दूर आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. इथे त्या तोडीचं कोण असणार?

कॅसिओवाल्या काकांचं दुकान निघालं मोटार रिवायंडिंगचं. बाहेर जळालेल्या पाणबुडी मोटारींची रांग, आत वार्निशचा वास. दुष्काळी भागात मोटार भरून देणाऱ्याला डॉक्टरइतका मान असतो. ते स्टुलावर बसून तांब्याची तार ओवत होते. त्यांनी वर पाहिलं. आधी बेस दिसली, मग काका.

‘आलास?’ ते म्हणाले. ‘चहा घेणार का?’

बस्स. एवढंच. तीस वर्षांनंतरची पुरुष माणसं!

पिकअप उघडला गेला. मोटारीत जाते ती तार जाड. पिकअपमधली तार केसाएवढी, मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले सहा भाग, आणि तिचे हजारो वेढे. भिंग डोळ्याला लावून त्यांनी वरची जुनी टेप मिलिमीटर-मिलिमीटरने सोडवली. मी श्वास रोखून. ‘घाबरू नको, ताई. तुटलेलं टोक बाहेरचं असंल तर वाचलो. आतलं असंल तर सगळं पुन्हा भरावं लागंल.’

बाहेरचंच होतं. जिथे ती तार जाड वायरला जोडलेली असते, नेमकी तिथेच गंजून तुटली होती. दोन वेढे सोडवले, टोकावरचं इनॅमल अलगद खरवडलं, सोल्डरचा एक थेंब दिला, वरून नवी टेप. मीटर लावला. डाव्या कडेचा तो एकटा ‘१’ गेला आणि ७.२ उमटलं.

भिंग काढता काढता ते माझ्या काकांकडे न बघता म्हणाले, ‘त्याचंच मन होतं जायचं. सकाळपासून पिशवी भरून बसला होता. मीच उगी थांब म्हणत होतो. तू नुसतं तिकीट काढलंस.’

काका काही बोलले नाहीत. त्यांनी मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. बराच वेळ गुंडाळत होते.

मान सरळ करताना

एक काम उरलं होतं. मान. चार तारांचा ताण मिळून सत्तर-ऐंशी किलो असतो. तो तोलायला मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. मराठवाड्यातला उन्हाळा बेचाळीस अंशांपलीकडचा, मग पावसाळा. लाकूड वाळतं, फुगतं, मान पुढे वाकते आणि तारा उंच जातात. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि मधे, सातव्या फ्रेटपाशी, किती फट राहते ते बघायचं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. आमच्यात एटीएम कार्ड आरामात जात होतं.

काकांनी डोक्यावरचं छोटं झाकण काढलं, तारा ढिल्या केल्या, नटला तेलाचा थेंब देऊन पाव फेरा पिळला. ‘आज एवढंच,’ ते म्हणाले. ‘लाकडाला रात्रभर वेळ द्यायचा. घाई केली की सळई तुटती.’ आम्ही कॅसिओवाल्यांच्या घरी मुक्काम केला. सकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर निलंगा राइस खाल्ला, झणझणीत, आणि मग आणखी पाव फेरा.

दुकानातल्या जुन्या स्पीकरला बेस लावली. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले. आणि काहीच ऐकू आलं नाही! घुंई नाही, खरखर नाही. मग काकांनी जाड तार छेडली. धुम्म. शेल्फवरचे नट-बोल्ट थरथरले. मोटार घेऊन आलेला एक शेतकरी दारातच थांबला.

काका दहा मिनिटं वाजवत होते. बोटं चुकत होती. ते प्रत्येक आवर्तनात एका जागी किंचित थांबायचे, जिथे ड्रमचा ठोका पडला असता तिथे. कॅसिओवाल्यांनी त्या जागी पान्याने मोटारीच्या लोखंडी बॉडीवर टण् केलं. पुढच्या फेरीला पुन्हा केलं. मग करतच राहिले.

तुम्ही वाचलं असेल, पॉल मॅकार्टनी यांची १९७२ साली चोरीला गेलेली हॉफनर बेस पन्नासहून जास्त वर्षांनी त्यांना परत मिळाली. २०२४ च्या फेब्रुवारीत जगभर बातमी झाली. आमची बातमी कुठे छापून येणार नव्हती, म्हणून इथे लिहिली.

आणि हो, पुण्याला मी रिकामी बॅग घेऊन परतले. बेस काकांकडेच आहे. भंगारवाल्याला पंखा आणि दोन बादल्या मिळाल्या. टू बीएचकेमध्ये ती कुठे मावणार ते काकू बघणार आहेत. जाताना काका-काकू लातूरला उतरणार आहेत, दोन दिवस. किल्लारीला जायचं आहे म्हणे तिघांना.

ऑफिसच्या बँडमध्ये मी अजून तीच ऑनलाइनवाली वाजवते. फक्त ट्यून करताना ॲम्प्लिफायरच्या गुणगुणीवर आधी जी लावून बघते.

तुमच्याही माळ्यावर असेल तर…

• आधी कॉर्ड आणि ॲम्प्लिफायर बदलून पाहा. निम्मे आजार तिथेच असतात.
• टप्प-टप्प म्हणजे जॅक, खरखर म्हणजे पॉट, सतत घुंई म्हणजे अर्थिंग किंवा पिकअप.
• तारांना हात लावल्यावर सौम्य झटकासुद्धा बसला तर गिटार लगेच खाली ठेवा. दोष बहुधा घराच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगमध्ये असतो. इलेक्ट्रिशियनला दाखवा.
• ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. अडला तर जोर लावू नका.
• जुनं पॉलिश घासून नवं मारू नका. अंगठ्याने झिजलेली जागा तर मुळीच नाही.
• काढलेला प्रत्येक जुना भाग डबीत जपून ठेवा.

कसं जाल? पुण्याहून पनवेल-नांदेड एक्स्प्रेस लातूरमार्गे जाते. मुंबईहून नांदेडसाठी देवगिरी एक्स्प्रेस, लातूरसाठी लातूर एक्स्प्रेस. दोन शहरांमध्ये एसटी. गिटार असेल तर खिडकीशेजारची सीट तिला द्या.